पाण्याचा धनी

यक्षप्रश्नांची कथा आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. तिच्यातले प्रश्न तेवढे लक्षात राहतात. आणि तेही सगळे नव्हेत, चमत्कृतीचे असतील ते. पण या कथेत प्रश्नांच्या आधी एक साधी गोष्ट घडते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती अशी, की त्या तळ्याच्या पाण्याला धनी आहे. वनवासात वणवण करून तहानेने व्याकुळ झालेला नकुल काठाशी येतो, तेव्हा न दिसणारा कोणी त्याला बजावतो की हे तळे माझे आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे आणि मग पाणी पी. नकुल ऐकत नाही. सहदेव ऐकत नाही. अर्जुन तर आवाजाच्या रोखाने बाण सोडतो. भीमाचे विचारायलाच नको. चौघेही पाणी पितात आणि चौघेही काठावर पडतात.

हे चौघे काही चोर नव्हते. त्यांना तहान लागली होती, समोर पाणी होते, आणि रानातले पाणी कोणाचेच नसते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. लहानपणी मला यक्षाचा राग येई. घोटभर पाण्यासाठी माणसे मारतो, आणि पुढे कळते की हा तर प्रत्यक्ष धर्म! ती शिक्षा मला अजूनही जबरच वाटते. पण त्याची अट मात्र आता पूर्वीसारखी अन्यायाची वाटत नाही, आणि ती तशी का वाटत नाही ते इथे मांडून पाहायचे आहे.

महाभारतात हा प्रसंग द्वैतवनात घडतो. गढवालातल्या लोकांना विचाराल तर ते तुम्हांला ऊखीमठाजवळच्या देवरिया ताल नावाच्या तळ्याकाठी नेतील आणि म्हणतील, तो इथे घडला. दोन्ही पक्षांशी मला भांडायचे नाही. कथा ज्या पाण्याकाठी सांगितली जाते, ते पाणी थोडेफार तिचे होतेच. मी तिथे २०२३ च्या मे महिन्यात गेलो. कोकणातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो, मॅट्रिकच्या पुढे जे शिकलो ते चित्रकलेचेच. आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा या लेखात जे संस्कृत येईल ते गावच्या भटजींकडून ऐकलेले समजावे. बरोबर आमच्या शाळेचे गणिताचे सर होते. हिमालय पाहायचा, पण गुडघे सांभाळून, असा आमचा दोघांचाही बेत होता. आणि त्याला साजेशी वाट पुस्तिकेत मिळालीही: नवशिक्यांना सोपी, एक रात्र गावात, एक सकाळ तळ्याकाठी.

ऋषिकेशहून दिवसभर मोटारीने अलकनंदेच्या आणि मग मंदाकिनीच्या काठाने वर जायचे. रुद्रप्रयागला दोन्ही नद्या भेटतात तिथपर्यंत रस्त्याला केदारनाथच्या गाड्यांची रीघ असते. ऊखीमठाकडे वळले की ती तुटते. ऊखीमठ म्हणजे केदारनाथाची हिवाळ्यातली गादी. देवसुद्धा इकडे थंडीत खाली उतरतात आणि उन्हाळ्यात वर जातात, ही गोष्ट मला फार समजूतदारपणाची वाटली. पुढे चोपत्याच्या रस्त्यावरून एक फाटा सारी नावाच्या गावाला जातो. उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते, दगडी पाख्यांची काही जुनी घरे आणि बऱ्याच नव्या स्लॅबच्या इमारती. तिथून तळे तीन किलोमीटरसुद्धा नाही. चढ मात्र सलग आहे, आठ हजार फुटांपर्यंत. वाट दगडांनी बांधलेली. शंकराचे एक जुने देऊळ लागते, मग बांज आणि बुरांसाचे रान. बुरांसाचा बहर ओसरला होता. वाटेवर लाल पाकळ्या पडून तपकिरी झाल्या होत्या.

पुस्तिकेतला 'सोपी' हा शब्द माझ्या मनातून जाईना. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही गावाच्या वरच्या अंगाला पाय मोकळे करायला गेलो, तेव्हा एका वळणावर समोरून हिरव्या गवताचा एक भारा उतरत आला. भाऱ्याखाली माणूस आहे हे आधी पायांवरून कळले. मग कमरेला खोचलेला विळा दिसला, आणि अगदी जवळ आल्यावर चेहरा. बाई साठीच्या असाव्यात. आम्ही कडेला उभे राहिलो. त्या थांबल्या नाहीत, पण जाता जाता आमच्या हातांतल्या काठ्यांकडे पाहून हसल्या. त्या काठ्या आम्ही ऋषिकेशला भाड्याने घेतल्या होत्या.

वाट तीच, चढ तोच, आणि श्रमही, वजन सोडले तर, थोडेफार तेच. फरक एवढाच की मी ते श्रम हौसेने विकत घेतलेले आणि त्यांना ते जन्माने मिळालेले. हा फरक काही नवा नाही. शहरातला माणूस पैसे भरून वजने उचलतो आणि हमाल पैसे घेऊन उचलतो, हे आपण रोज पाहतो. पण व्यायामशाळा आणि धक्का या दोन जागा निराळ्या असतात. इथे जागा एकच होती. एकाच पायरीवर एकाचा खेळ आणि दुसऱ्याचे काम समोरासमोर येतात, आणि त्यांतल्या एकाला कडेला व्हावे लागते. कोणी व्हायचे, हा शिष्टाचाराचा साधा प्रश्न आहे. पण तो तिथेच संपत नाही.

त्याच रस्त्याने चोपत्याच्या पलीकडे गोपेश्वरकडे उतरताना मंडल नावाचे गाव लागते. तिथल्या रानात अंगू नावाचा वृक्ष आहे. लाकूड हलके आणि चिवट. बैलाच्या मानेवर ठेवायच्या जुवाला त्याच्यासारखे दुसरे नाही. १९७३ साली तिथल्या लोकांनी अवजारांसाठी अंगूची झाडे मागितली, ती वनखात्याने नाकारली. आणि तीच झाडे तोडायचा परवाना अलाहाबादच्या एका खेळसामानाच्या कंपनीला दिला. कशासाठी, तर टेनिसच्या रॅकेटींसाठी. एप्रिलमध्ये कंपनीची माणसे आली तेव्हा चंडीप्रसाद भट्टांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्यकर्ते आणि गावकरी ढोल वाजवीत रानात गेले, आणि त्यांना रिकाम्या हातांनी परत जावे लागले. मग त्यांना मंदाकिनीच्या खोऱ्यात फाटा गावाजवळ झाडे देण्यात आली. तिथेही तेच झाले. पुढच्या वर्षी, १९७४ च्या मार्चमध्ये, रेणी गावात पुरुष घरी नसताना गौरादेवी आणि त्यांच्या बरोबरीच्या बायांनी रान राखले, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण मला आठवते ती रॅकेटच. एका झाडाचे जूही होते आणि रॅकेटही. टेनिस खेळणे हे काही पाप नव्हे. जूवाल्याला विचारल्यावाचून रॅकेट करणे, एवढाच काय तो प्रश्न होता. आमचे डोंगर चढणे हीही एक रॅकेटच आहे. ती कोणाच्या झाडाची, हे विचारायला काय हरकत आहे?

हे सगळे मी रात्री चुलीपाशी बसून सरांना बोलून दाखवले. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही उगीच गुंता करता. आपण राहायचे पैसे देतो. जेवणाचे देतो. तळ्यावर वनखाते शुल्क घेते, त्याची पावती देते. दोन्ही बाजू बरोबर. बाकी शून्य."

सरांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पैशाने आतिथ्य बाटते असे म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. पूर्वीच्या डोंगरी लोकांच्या निर्व्याज पाहुणचाराची स्तुती करणारे बहुधा तो फुकट लाटू पाहणारे असतात. आम्ही ज्या घरी उतरलो त्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या पैशावर बांधलेल्या होत्या. ते पैसे नसते तर ते घर कदाचित कुलूप लावून खाली ऋषिकेशला गेले असते. म्हणून डोंगरात जाणाऱ्याचे पहिले कर्तव्य मी हेच म्हणेन की त्याने सांगितलेली किंमत पुरी द्यावी, आणि शंभर रुपयांसाठी घासाघीस करून ती आपल्या हुशारीची कथा म्हणून घरी सांगू नये. इथवर सर बरोबर आहेत.

परंतु किंमत फिटते ती विकलेल्या वस्तूची. त्या बाईंनी आम्हांला जेवण विकले, रजया विकल्या, गरम पाण्याची बादली विकली. वाट विकली नाही. रान विकले नाही. आणि आम्ही इतक्या दूर आलो होतो ते काही रजयांसाठी नव्हे. ते रान तिथे उभे आहे यामागे कोणीतरी उभे राहिलेले आहे. १९२१ साली कुमाऊँ-गढवालात सरकारी जंगलकायद्यांविरुद्ध मोठा उठाव झाला, राने पेटली, आणि त्याचा परिणाम म्हणून १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले. गावाने गावचे रान राखायचे, गवत कधी कापायचे आणि फांदी कुठली तोडायची हे आपसांत ठरवायचे, अशी ती व्यवस्था. तिच्यात दोष आहेत, भांडणे आहेत, सगळे आहे. पण बांजाच्या रानाखाली झरा टिकतो हे त्या बायांना कोणा शास्त्रज्ञाने शिकवलेले नाही. शंभर वर्षांच्या या राखणीचे बिल कोणी आमच्या हातात ठेवले नव्हते. ठेवणार तरी कोण? जे विकायला काढलेलेच नाही त्याची पावती फाडता येत नाही.

आमचे भटजी सांगत की माणूस ऋणे घेऊनच जन्माला येतो. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ही तीन सर्वांना माहीत आहेत. पण शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, माणसांचे. ते फिटते आल्यागेल्याला आसरा आणि अन्न देऊन. मी त्या वेळी असे समजत होतो की हे यजमानाला सांगितले आहे. पाहुण्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ अवघड होतो. यजमान माझ्याकरवी आपले ऋण फेडतो आणि मोकळा होतो. माझे मात्र त्याच घटकेला वाढते. ते मी आपल्या दारी दुसऱ्या कोणाला फेडायचे. सरांच्या वहीत हा हिशेब बसत नाही, कारण देणारा आणि घेणारा तिथे समोरासमोर बसलेले नसतात.

मग यक्ष आठवतो. यक्षाने पाण्याची किंमत मागितली नाही. पांडवांपाशी तेव्हा द्यायला काही नव्हतेही. त्याने उत्तरे मागितली. आपल्या भाषेत जबाबदारी हा शब्द कसा झाला आहे पाहा. जबाब देणे हीच ती वस्तू. पैसे देऊन माणूस मोकळा होतो; जबाब द्यायला त्याला तिथे थांबावे लागते. चौघा भावांना तेवढा दम नव्हता.

आता ज्या एका प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला, त्याच्याकडे येतो. यक्ष विचारतो, आनंदात कोण असतो? युधिष्ठिराच्या उत्तराचा भावार्थ असा, की दिवस उपासाचे गेले तरी ज्याला आपल्या घरी पालेभाजी शिजवून खाता येते, ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही आणि ज्याला घर सोडून जावे लागत नाही, तो. मूळ शब्द आहेत अनृणी आणि अप्रवासी. त्या रात्री आमच्या ताटात मंडुव्याची रोटी होती. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. कोकणातल्या माणसाला हिमालयात नाचणी भेटावी याचे मला इतके सुख झाले की मी तीन रोट्या खाल्ल्या. आणि भाजी होती कंडाळीची. कंडाळी म्हणजे अंगाला लागली तर आग करणारे एक खाजरे झुडूप. ते चिमट्याने खुडतात आणि शिजवले की त्याचा दंश जातो. घरधनीणबाई चुलीशी बसून रोट्या थापत होत्या. आपले घर, आपली चूल, संध्याकाळ आणि रानातली पालेभाजी. युधिष्ठिराच्या व्याख्येतली पहिली अट तर माझ्या डोळ्यांसमोर पुरी होत होती.

राहिल्या दोन. घराचे कर्ता पुरुष गावात नव्हते. केदारनाथाची दारे एप्रिलच्या अखेरीस उघडली होती आणि ते आपली दोन खेचरे घेऊन गौरीकुंडाला गेले होते. तिथून देवळापर्यंतच्या चढावर यात्रेकरूंना ने-आण करायची, की वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांत होते. खेचरे कर्जाने घेतलेली होती. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला जो प्रलय झाला त्यात या खोऱ्यातल्या कितीतरी घरांचे पुरुष आणि जनावरे अशीच कामावर असताना गेली. त्या वर्षीचे बाई फारसे बोलल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या की तेव्हापासून जूनमध्ये पाऊस आला की झोप लागत नाही. आणि मुलगा. मुलगा बारावी झाला होता. त्याचा चुलतभाऊ मुंबईला हॉटेलात कामाला होता आणि तो याला बोलावत होता.

मी शिक्षक आहे असे कळल्यापासून बाई मला गुरुजी म्हणू लागल्या होत्या. रोटी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही मुंबईकडचे. येणारे सगळे पाहुणे मला सांगतात, दीदी, मुलाला बाहेर पाठवू नका, तिकडे धूर आहे, गर्दी आहे, इथे स्वर्ग आहे. मी ऐकून घेते. पण त्यांतला एकही इथे राहत नाही. तुम्ही सांगा, पाठवू का?"

सर माझ्याकडे पाहू लागले. मला सुटका नव्हती, कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. गेली वीस वर्षे माझ्या वर्गातली मुले मी मुंबईला जाताना पाहतो आहे. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपे आहेत. ती गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात आणि पुन्हा लागतात. चाकरमानी या शब्दात किती मान आणि किती विरह आहे हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. गढवालचीही तीच तऱ्हा. पलटणीत आणि शहरात गेलेल्यांच्या मनीऑर्डरींवर तिथली गावे जगली, जशी आमची गिरणगावच्या मनीऑर्डरींवर जगली. सरांना आकडे आवडतात, म्हणून त्यांनीच नंतर मला सांगितले ते इथे देतो: २००१ ते २०११ या दशकात उत्तराखंडात पौडी आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि महाराष्ट्रात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची. २०११ च्या शिरगणतीत रुद्रप्रयाग जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, रत्नागिरीतही तसेच. दोन्हीकडे स्त्रिया काही जास्त जन्मल्या नव्हत्या.

प्रवास या शब्दाचे पाहा कसे झाले आहे. संस्कृतात प्रवास म्हणजे घर सोडून परठिकाणी राहणे. हिंदीने तो अर्थ राखला. २०२० च्या टाळेबंदीत शेकडो मैल चालत घरी निघालेल्या मजुरांना हिंदी वर्तमानपत्रांनी प्रवासी मजदूरच म्हटले. मराठीत मात्र प्रवासी म्हणजे तिकीट काढून गाडीत बसलेला, हौसेने वा कामाने जाणारा आणि ठरल्या दिवशी परत येणारा माणूस. म्हणजे त्या चुलीपाशी एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर बसले होते. मराठी अर्थाने प्रवासी मी होतो. संस्कृत अर्थाने प्रवासी त्या बाईंचा मुलगा व्हायचा होता. आणि मी त्याला सांगायचे की बाबा रे, अप्रवासी राहा, तोच आनंद आहे?

ज्याला परतीचे तिकीट आहे त्याने दुसऱ्याला राहण्याची थोरवी सांगू नये, असे मला वाटते. डोंगरातल्या माणसाला "तुम्ही किती सुखी" म्हणणे ही आता एक रीत झाली आहे. ती दुष्टपणाने म्हणत नाहीत; आपल्याला दोन दिवस बरे वाटले त्याची ती पावती असते. पण तिच्या पोटात एक मागणी असते, की आमच्यासाठी तुम्ही असेच राहा. आम्ही पुढच्या वर्षी येऊ तेव्हा हे घर, ही चूल आणि हा धूर इथेच असू दे. स्लॅबचे घर दिसले की आपण हळहळतो, पण पाख्याखाली गळणारे पाणी भरायला आपण पावसाळ्यात जात नाही. दुसऱ्याचे दारिद्र्य चित्रात सुरेख दिसते, हे चित्रकलेच्या मास्तराइतके कोणाला ठाऊक असेल? मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितले की शंभरांतली नव्वद मुले झोपडी काढतात. त्यांतल्या एकालाही झोपडीत राहायचे नसते.

मग युधिष्ठिर चुकला काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याने काय म्हटले यापेक्षा तो कुठे उभा राहून बोलला यात आहे. वनवासाचे बारावे वर्ष संपत आले होते. राज्य जुगारात गेले होते, घर नव्हते, शिजवायला स्वतःची चूल नव्हती, आणि पुढे एक वर्ष नाव बदलून परक्याच्या घरी चाकरी करायची होती. असा माणूस म्हणतो की घरी राहून पालेभाजी खाणारा सुखी. तो घरी बसलेल्याला उपदेश करीत नाही. त्याला जे मिळत नाही त्याची ती ओढ आहे. तेच वाक्य त्याने इंद्रप्रस्थाच्या मयसभेत बसून, दारी भाजी विकायला आलेल्याला ऐकवले असते, तर यक्षाने त्याला पाणी पिऊ दिले नसते. निदान मी दिले नसते. शब्द तेच राहतात, आणि बोलणारा भरल्या पोटाचा असला की त्यांतले सत्य उडून जाते.

आणि म्हणून उलट सल्लाही मला देववेना. पाठवा, शहरात भविष्य आहे, असे म्हणणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांना दिव्याच्या चाळीत एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माझी मुले दाखवावीशी वाटतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तळ्यावर गेलो. तळे लहान आहे, चारी बाजूंनी हिरवळ. पूर्वी त्या काठावर तंबूंची रांग असे म्हणतात. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. काहींचा त्यामुळे धंदा गेला हे खरे. कुरणाला मात्र श्वास मिळाला असावा. उजाडले तेव्हा चौखंबा आधी गुलाबी झाला आणि मग पांढरा. सात हजार एकशे अडतीस मीटरांचा तो चार खांबांचा डोंगर पाण्यात उलटा दिसू लागला. वर्णन करण्याचा मोह आवरतो, कारण त्याची चित्रे सर्वत्र आहेत आणि ती खरी आहेत. एवढेच सांगतो की सर बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी वाकून, काठाच्या चिखलात रुतलेली बिस्किटांची दोन वेष्टने उपटून आपल्या खिशात घातली. मी काही विचारले नाही.

परत आल्यावर मी बाईंकडे एक जुने दिनदर्शिकेचे पान मागितले आणि त्याच्या पाठीवर लिहायला बसलो. माझ्या शाळेतून हॉटेलच्या कामाला गेलेली चार-पाच मुले आहेत. त्यांतल्या दोघांना फोन लावला. हातात पगार किती येतो. मालक राहायला जागा देतो की नाही, आणि नसेल दिली तर दिव्याला चौघांत खोली घेऊन माणशी किती पडते. जेवण मालकाकडचे असते की विकतचे. रेल्वेचा पास. आजारी पडल्यास पगार कापतात का. पहिल्या वर्षी घरी किती पाठवता आले, तिसऱ्या वर्षी किती. जे कळले ते आकड्यांत लिहिले, सरांनी बेरीज तपासली. मग पाहुण्यांच्या दोन खोल्यांचे काय होते तेही बाईंनी सांगितले तसे दुसऱ्या बाजूला लिहिले: वर्षात साधारण किती दिवस भरतात, किती रिकामे जातात. खाली मी त्या दोघांची नावे आणि फोन टिपून ठेवले, म्हणजे मुलाला माझ्यावर विसंबून राहायला नको.

बाईंनी पान हातात घेतले आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचले. आठवीपर्यंत शिकल्या होत्या. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "म्हणजे पहिली दोन वर्षे घरी काही यायचे नाही."

"फारसे नाही," मी म्हटले.

"आणि सुट्टी?"

"आमची मुले गणपतीला येतात."

"किती दिवस?"

"पाच. फार तर सात. मालक बरा असला तर."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या गावाकडे हिवाळ्यात पांडवनृत्य होते. गावातली ठरलेली माणसे पांडव होऊन नाचतात, पांडव त्यांच्या अंगात येतात, आणि ते कधी नऊ दिवस चालते, कधी त्याहून जास्त. त्यासाठी बाहेरगावी गेलेले लोकही परत येतात. त्यांच्या घराकडे भीम आहे, त्या म्हणाल्या. सासऱ्यांच्या अंगात यायचा, आता मुलाच्या बापाच्या येतो. "पाच दिवसांत भीम येऊन जाईल का, गुरुजी?" असे म्हणून त्या स्वतःच हसल्या.

पैसे मोजून घेताना त्यांनी कंडाळीचे लावले नव्हते. सरांनी ते दाखवून दिले, तर म्हणाल्या, ती आम्ही लावत नाही, रानातली आहे. ते पान त्यांनी चौघडी घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवले. "ते खाली उतरले की त्यांना दाखवते," त्या म्हणाल्या. आणि गोठ्यात गाय हंबरली, म्हणून विळा उचलून उठल्या.